पाळण्यातला वरवंटा

युरोपीय लोकसाहित्याच्या अभ्यासात ‘चेंजलिंग’ या नावाने जो कल्पनाबंध ओळखला जातो, त्याला मराठीत ‘पालटलेले मूल’ म्हणता येईल. परी किंवा तत्सम अमानुष योनीतील कोणी माणसाचे तान्हे मूल पळवून नेते आणि त्याच्या जागी आपले, दिसायला तसेच पण खंगलेले, सदैव भुकेले, कधीच न वाढणारे पोर ठेवून जाते, हा त्याचा गाभा. आयर्लंडपासून स्कँडिनेव्हियापर्यंत पसरलेल्या या कथांत परीक्षेचा प्रसंग बहुधा असतोच. अंड्याच्या टरफलात स्वयंपाक मांडून त्या पोराला चकित करायचे, म्हणजे त्याचे खरे वय त्याच्याच तोंडून बाहेर पडते. तेवढ्याने न भागल्यास विस्तवाचा धाक घालायचा. हा धाक कथेपुरता राहिला नाही. १८९५ साली आयर्लंडमधील टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुण स्त्रीला तिच्या नवऱ्याने, ही आपली बायको नव्हे, पालटलेली कोणी आहे, असे म्हणत जाळले.

शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये परीराजा आणि परीराणी ज्या मुलावरून भांडतात, ते मूल हिंदुस्थानातले आहे. पक म्हणतो, ते हिंदी राजाकडून चोरून आणले. टिटानिया सांगते, त्याची आई आपली भक्त होती, ती बाळंतपणात गेली, म्हणून तिच्याखातर आपण ते वाढवीत आहोत. एकाच मुलाच्या या दोन हकिगती नाटककाराने एकमेकींशेजारी ठेवल्या आहेत. परंतु चोरी खरी मानली, तर त्या हिंदी पाळण्यात मागे काय उरले, हे तेथे कोणी सांगत नाही. मराठी कथेने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, आणि ते युरोपीय उत्तराहून मुळातच निराळे आहे.

प्रथम एक अभाव ध्यानात घेतला पाहिजे. नीरा आणि भीमा यांच्या मध्ये पसरलेल्या बारामती-इंदापूरच्या मुलखात, उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच, नदीच्या डोहाशी, विहिरीच्या थारोळ्याशी शेंदूर फासलेल्या सात दगडांत साती आसरा वसतात. ओल्या बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला त्यांची बाधा होते, अशी समजूत आहे. सटवाईचा धाकही तसाच. मात्र आसरा काय किंवा सटवाई काय, त्या मूल नेतात. बदली मूल ठेवीत नाहीत. सुझन शून एबर्ली यांनी १९८८ मध्ये असे प्रतिपादन केले की, जन्मजात व्यंग असलेल्या मुलाचे स्पष्टीकरण देण्याची गरज ही युरोपीय कथेच्या मुळाशी आहे. मराठी समाजात या गरजेची तजवीज सटवाईने आधीच केलेली आहे. जन्मानंतरच्या पाचव्या-सहाव्या रात्री ती कपाळावर लेख लिहून जाते. व्यंग, आजार, अल्पायुष्य हे सारे त्या लेखाचे. म्हणजे मूल कसेही निघाले तरी ते आपलेच राहते. यात सहिष्णुता शोधण्याची घाई करू नये. मुलावरून हटलेला संशय अखेर आईच्या नशिबावर, तिच्या पूर्वकर्मावर आणि गरोदरपणी तिने पाळलेल्या-न पाळलेल्या ग्रहणावर येऊन थांबतो.

हा संशय आईवर कसा येतो, याची सर्वांत धीट मांडणी श्रावणातील शुक्रवारच्या, जिवतीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कहाणीत आहे. चातुर्मासाच्या पोथ्यांतून ती घरोघर वाचली गेली आणि किंकेडच्या १९१४ सालच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’मधून इंग्रजीतही गेली. निपुत्रिक राणी सुईणीला पैशांनी वश करते आणि गर्भारपणाचे सोंग आणते. सुईण एका गरीब ब्राह्मणीचे बाळंतपण करताना तिचे डोळे बांधते, मुलगा उचलून राणीकडे पोचविते आणि बाळंतिणीपुढे वरवंटा ठेवून, तुला हेच झाले, असे सांगते. येथे परी नाही, भूत नाही. आहे ती सुईण आणि तिला दिलेले द्रव्य. पालटात ठेवलेली वस्तूही सजीव नाही. त्यामुळे जाळून, मारून, फसवून पाहावे असे त्या घरात कोणीच उरत नाही. युरोपीय आईला जवळच्या मुलाविषयी शंका घ्यावी लागते. या आईला, दिसत नसलेल्या मुलाविषयी खात्री बाळगावी लागते. ती जिवतीचे व्रत धरते, दर शुक्रवारी अक्षता उधळते आणि त्या जिथे असेल तिथे त्याच्या अंगावर पडतात.

कहाणीतील परीक्षाही उलट्या दिशेने चालते. राजा झालेला मुलगा त्या बाईवर भाळून रात्री तिच्या दाराशी येतो, तेव्हा वासराच्या शेपटीवर त्याचा पाय पडतो आणि गाय-वासराच्या बोलण्यातून त्याला इशारा मिळतो. पुढे पिंडदानाच्या वेळी एकाऐवजी दोन हात वर येतात. शेवटी भोजनाच्या पंगतीत ब्राह्मणीला पान्हा फुटतो आणि दुधाच्या धारा राजाच्या तोंडात पडतात. मूल मनुष्य आहे की अमानुष, हा प्रश्न कोठेच उपस्थित होत नाही. ते कोणाचे, हा एकच प्रश्न असतो. त्याचे उत्तर पिंड आणि पान्हा ही पितृकुळाची व मातृदेहाची दोन प्रमाणे देतात. मधल्या प्रसंगात तर सटवी आणि जिवती समोरासमोर येतात. ज्या घरात प्रत्येक मूल दगावत असते, त्या घराच्या उंबरठ्यावर हा मुलगा आडवा झोपलेला असतो आणि जिवती सटवीला त्याला ओलांडू देत नाही. पळविलेले मूल दुसऱ्याच्या पाळण्याचा राखणदार होते, ही कल्पना अन्य परंपरांत सहसा आढळत नाही. सेल्मा लागरलोफ यांची १९१५ मधील पालटलेल्या मुलाची कथा तिच्या जवळ येते: तेथे आई आपल्याजवळच्या ट्रोलपोराला जसे वागविते, तसेच तिचे खरे मूल ट्रोलांकडे वागविले जाते. पोल अँडरसनने ‘द ब्रोकन स्वोर्ड’ (१९५४) या अद्भुत कादंबरीत मात्र जुनाच द्वेष जागवून पालट म्हणून ठेवलेल्याला संहारक केले. रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’मधील मुंबईची मेरी परेरा ही थेट कहाणीतल्या सुईणीची वारस ठरते, परी तिलाही लागत नाही.

वरवंटा कथेतच थांबत नाही. महाराष्ट्रात बारशाच्या दिवशी मुलाला पाळण्यात घालण्यापूर्वी वरवंट्याला कुंची घालून बाळासारखे सजवितात. दोन स्त्रिया पाळण्याच्या वरून-खालून त्याची देवघेव करतात आणि गोविंद, गोपाळ अशा कृष्णाच्या नावांनी हाका मारतात. कहाणीत कपटाने झालेला पालट येथे घरच्याच बायका हसतखेळत, मुलाच्या रक्षणासाठी करतात. मुले जगत नसलेल्या घरात दगडू, धोंडू, केरू, कचरू अशी नावे ठेवण्याची चालही याच व्यूहातली: मूल चोरीस जाण्याआधीच भाषेने त्याचा दगड करून टाकायचा. हाका नेमक्या कृष्णाच्या नावाने का, याचे उत्तर उघड आहे. भारतीय परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध पालटलेले मूल तोच आहे.

हा कल्पनाबंध अठराव्या शतकात राजकारणात उतरला तो कऱ्हेच्या खोऱ्यात. पुरंदरच्या परिसरातून निघून सासवड-जेजुरीच्या अंगाने बारामतीस येणारी ही नदी पुढे नीरेला मिळते. शाहूमहाराजांच्या मृत्यूच्या सुमारास, १७४९ मध्ये, ताराबाईंनी रामराजा हा आपला नातू असून वैरातून वाचविण्यासाठी त्याला गुप्तपणे वाढविले होते, असे सांगितले. तो छत्रपती झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबापुढे पेशव्यांशी समेटाची शपथ घेताना, तो आपला नातू नसून गोंधळ्याचा मुलगा आहे, असेही त्यांनी शपथेवर सांगितले. लपवून वाढविलेले मूल आणि पालटलेले मूल यांच्या कथा येथे एकाच मुखातून येतात. दोन्हींना आधार एकच, कोणी न पाहिलेले बालपण. पेशव्यांनी शपथ ऐकली आणि राजाला गादीवरच ठेवले. १७७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो छत्रपती होता. वंशाच्या सत्यापेक्षा गादी भरलेली असण्याला महत्त्व होते.

तीच गोष्ट कऱ्हेच्या उगमाकडे पुन्हा घडू पाहत होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव मारला गेला. गरोदर गंगाबाईला कारभाऱ्यांनी पुरंदरवर नेले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवराव जन्मला. गंगाबाईबरोबर इतरही गरोदर ब्राह्मण स्त्रिया गडावर नेल्या होत्या आणि मुलगी झालीच तर मुलगा पालटता यावा हा त्यातला हेतू होता, असा बोभाटा ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदविला. बोभाट्याचा लाभ राघोबादादांच्या पक्षाला होणार हे उघडच होते. तो खरा मानण्याचे कारण नाही. पण लोकांना तो सहज पटण्याजोगा वाटला, कारण त्याचा आराखडा त्यांना दर श्रावणात ऐकू येत होता. याच दशकात, १७७६ मध्ये, भाऊसाहेबांच्या तोतयाने बंड केले. न. चिं. केळकरांनी १९१३ मध्ये त्याचे नाटक केल्यामुळे मराठी वाचकाच्या स्मरणात तोतया राहिला, आणि पुरंदरच्या स्त्रिया मात्र राहिल्या नाहीत.

कऱ्हेच्या खालच्या अंगाला, बारामतीत, त्या काळी मोरोपंत (१७२९–१७९४) होते. त्यांचे आश्रयदाते नाईक हे पेशव्यांचे सोयरे. आबाजी नाईक जोश्यांची पत्नी भिऊबाई बाळाजी विश्वनाथांची कन्या. त्यामुळे जेजुरी-पुरंदरच्या वार्ता बारामतीच्या वाड्याला दूरच्या नव्हत्या. पंतांनी ‘कृष्णविजया’त भागवताचा दशमस्कंध मराठीत आणला, त्यावरून समकालीन सूचना शोधण्याचा खटाटोप व्यर्थ होय. लक्षात घ्यायचे ते कथेचे रूप. गोकुळातील पालटात दोन मुले आहेत. मुलगा यशोदेकडे जातो. यशोदेची मुलगी मथुरेच्या बंदिशाळेत येते आणि कंस तिला शिळेवर आपटतो. पुराण तिला योगमाया करून आकाशात नेते, म्हणजे तिच्या मरणाचा प्रश्न सोडविते, यशोदेच्या अपत्यवियोगाचा मात्र सोडवीत नाही. आपल्याला मुलगी झाली होती हे यशोदेला ठाऊकच नसते. ब्राह्मणीला निदान वरवंट्यावर अविश्वास ठेवता आला. पुरंदरचा बोभाटा खरा ठरून पालट झालाच असता, तर नारायणरावाची मुलगी गडावरच्या कोणा अनाम बाळंतिणीच्या कुशीत गेली असती, आणि तिच्यासाठी व्रत धरणारे कोणी नसते. इंदापूरच्या टोकाला नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर आहे. तोच नरसिंह आणि कालियावर नाचणारा कृष्ण श्रावणात जिवतीच्या कागदावर तिच्या मुलांसमवेत पूजिले जातात. त्या कागदावर योगमाया नसते. बारसे मुलीचे असले, तरी कुंचीतल्या वरवंट्याला बहुधा हाक पडते ती गोविंद, गोपाळ अशीच.