खिंडार

रविवार, 24 एप्रिल 1932. आठवडाभर मँचेस्टरच्या धुरात राबून तुम्ही आज किंडर स्काउटचा चढ चढताय. हे माळरान जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेलं. समोर काठ्या घेतलेले राखणदार. झटापट होते, तरी तुम्ही वर पोचता. खाली मात्र पोलीस उभे. पुढे पाच जणांना तुरुंगवास होतो. तुम्ही मागच्या घोळक्यात होता, म्हणून वाचलात.

आता तीच तारीख, साल 1965. यॉर्कशरमधलं मालहॅम. टॉम स्टीफन्सननं 1935 साली वर्तमानपत्रातून मागितलेली लांबलचक पायवाट आज रीतसर खुली होतेय: पेनाइन वे, साधारण 430 किलोमीटर. भाषणं भाषणांसारखीच. तुम्ही आपले पुढे चला.

आपल्या काळात या. जून महिना, कोकरं हुंदडतायत. वाट मेंढ्यांच्या कुरणातून जाते आणि कुरणाला दगडी गडगा. ओलांडायला पायऱ्या आहेत, पण तिथवर जायचा कुणाला तरी कंटाळा आला. चढला तसाच, हातभर खिंडार पडलं.

ते बुजवायला आलेल्या स्वयंसेवकांत एक निवृत्त मास्तरीणबाई, एक पोस्टमन आणि तुम्ही. आधी ढिले दगड उतरवून गवतावर मांडायचे. मग दोन्ही अंगांनी थर चढवायचे, मध्ये चिपा ठासायच्या, सांधमोड सांभाळायची. चुना नाही, सिमेंट नाही. दगडाची लांब बाजू दर्शनी लावायचा मोह होतो. बाई हातावर चापट मारतात: "लांबी आत!"

इथले बरेच गडगे सामायिक रानं वाटून घेतली तेव्हाचे, दोनेकशे वर्षांपूर्वीचे. म्हणजे ज्यांनी गोरगरिबांचं रान तोडलं, तेच तुम्ही फुकटात उभे करताय. विचित्र आहे खरं, पण मला त्यात शहाणपण दिसतं. वाटेचा हक्क कायदा देतो. मेंढ्या शेजाऱ्याच्या कुरणात घुसल्या की भोगतो शेतकरी, आणि मग प्रत्येक पाठपिशवीवाला त्याच्या डोळ्यांत खुपतो.

दुपारी शेतकरी क्वाड बाइकवरून येतो, मागे कुत्रा. रामराम नाही, काही नाही. गडग्याला तळवा लावून रेटतो. खालून तिसऱ्या थरातला एक दगड डुगडुगतो.

"मेंढ्या अंग घासणार त्या नेमक्या इथंच," तो म्हणतो.

बाई तुमच्याकडे बघतात. तो दगड तुम्हीच बसवलेला. चला, वरचे थर उतरवायला घ्या.