वजन उतरविण्याचीं औषधें आणि रोग्याची संमति

नागपूरच्या विमानतळालगत खापरी, दहेगाव, शिवणगाव या गांवांच्या परिसरांत ‘मिहान’ नांवाची जी नवी वसाहत उभी राहिली, तींत औषधांचे कारखाने आहेत व अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचें रुग्णालयहि आहे. संस्थेच्या विद्यार्थ्यांची पहिली तुकडी २०१८ सालीं दाखल झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें संस्थेचें लोकार्पण झालें. औषध जेथें तयार होतें व जेथें तें रोग्यास दिलें जातें, तीं दोन्ही स्थळें इतकीं शेजारी क्वचितच आढळतात. परंतु या दोहोंच्या मध्यें एक तिसरी गोष्ट असते; ती म्हणजे रोग्याचा होकार. तो कोणीं द्यावयाचा आणि देण्यापूर्वीं त्याला काय सांगितलें गेलें पाहिजे, हा प्रश्न वजन कमी करण्याच्या औषधांच्या इतिहासांत विशेष स्पष्टपणें दिसून येतो. कारण उघड आहे. न्यूमोनियाचा रोगी दुसरा मार्ग नाहीं म्हणून औषध घेतो; वजनाचें औषध घेणारा मात्र पुष्कळदां हिंडताफिरता, कामधंदा करणारा माणूस असतो. त्याला थांबून विचार करण्यास सवड असते, आणि म्हणूनच त्याला फसविणेंहि सोपें असतें.

स्थूलता ही रोगांत मोडते ही कल्पना आजची नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत निंद्य शरीरांचे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत अतिस्थूल हा एक आहे. स्थूलापेक्षां कृश बरा, असाहि अभिप्राय तेथें दिला आहे. कारण कृशाला पोसतां येतें, पण स्थूलाला पोसावें तर मेद वाढतो आणि उपाशी ठेवावें तर त्याचा प्रखर जठराग्नि तें सोसूं देत नाहीं. ही अडचण आजच्या डॉक्टरासहि मान्य होईल. संमतीचा प्रश्नहि असाच जुना आहे. अडलेल्या गर्भाच्या चिकित्सेंत, जेथें स्त्रीच्या जिवासच धोका, तेथें हात घालण्यापूर्वीं अधिपतीची अनुज्ञा घ्यावी असें सुश्रुतानें सांगून ठेविलें आहे. अधिपति म्हणजे राजा समजा कीं घरधनी समजा, ती स्त्री नव्हे, एवढें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

अर्वाचीन काळांत वजनावर पहिला मारा झाला तो थायरॉइड ग्रंथीच्या अर्काचा. जॉर्ज मरे या इंग्रज डॉक्टरानें १८९१ सालीं मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोंचून मिक्सिडीमा नांवाच्या रोगावर गुण दाखविला. ते रोगी बरे होतांना अंगानें उतरतात हें पाहून, ज्यांची ग्रंथि धडधाकट होती अशा लठ्ठ माणसांनाहि तो अर्क लवकरच देण्यांत येऊं लागला. हृदयाची धडधड आणि स्नायूंचा ऱ्हास ही त्याची किंमत होती.

पण या इतिहासांतलें खरें बोलकें प्रकरण डायनायट्रोफेनॉलचें. हा पिवळा पदार्थ मूळचा दारूगोळ्याच्या कारखान्यांतला. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील कामगारांच्या अंगांत तो भिनला कीं त्यांना दरदरून घाम सुटे, ताप भरे, वजन उतरे. कांहीं जण दगावलेहि. म्हणजे औषध म्हणून त्याचें नांव निघण्यापूर्वींच त्याचा मारकपणा लोकांस ठाऊक झालेला होता. १९३३ सालीं अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांतील कटिंग व टेंटर यांनीं तो लठ्ठपणावर देऊन पाहिला. त्याची क्रिया समजण्यास सोपी आहे. अन्न जाळून शरीरांतील पेशी जी शक्ति सांठवितात, ती सांठूं न देतां उष्णतेच्या रूपानें वायां घालविणें, हेंच त्याचें काम. चुलींत लांकडें सारीत राहावें आणि वर भांडें मात्र चढवूंच नये, तसा हा प्रकार. वजन खरोखरच उतरत असे. मात्र एकदां ही चूल भडकली कीं तिला विझविणारा उतारा तेव्हां नव्हता आणि आजहि नाहीं.

हें औषध दुकानांत चिठ्ठीवांचून मिळूं लागलें. वर्षभरांतच निदान एक लाख माणसांनीं तें घेतलें असावें, असा अंदाज खुद्द टेंटर यांनींच वर्तविला. १९३५ पासून तरुण स्त्रियांच्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरल्याच्या बातम्या येऊं लागल्या. तरीहि सरकारचे हात बांधलेले होते. १९०६ चा कायदा रोगावरील औषधांपुरता होता, आणि लठ्ठपणा हा त्या कायद्याच्या दृष्टीनें रोगच नव्हता! १९३८ सालीं नवा कायदा झाला, तेव्हां कोठें हा व्यापार बंद पडला. छुप्या वाटेनें हें विष पुढेंहि विकलें जात राहिलें. ब्रिटननें त्याची गणना नियंत्रित विषांत केली ती २०२३ च्या ऑक्टोबरांत.

त्या लाख माणसांपैकीं कोणावरहि बळजबरी झाली नव्हती. प्रत्येकानें पदरचा पैसा मोजून, आपल्या हातानें गोळी तोंडांत टाकली. मग ही संमति म्हणावयाची काय? कारखान्यांतील कामगारांचें काय झालें हें ज्याला कोणीं सांगितलें नाहीं, त्याचा होकार नेमका कशाला होता?

पुढील औषधांची कथा थोडक्यांत सांगतां येईल, कारण ती वारंवार तीच आहे. १९६५ मध्यें युरोपांत आलेल्या अमिनोरेक्सनें फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढवून माणसें मारलीं. फेनफ्लुरामिन व फेन्टरमिन यांची जोडगोळी अमेरिकेंत लाखोंनीं घेतली. १९९७ च्या जुलैंत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनीं २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचें प्रसिद्ध केलें आणि सप्टेंबरांत फेनफ्लुरामिन बाजारांतून उठलें. रिमोनाबँटनें मन खचतें, आत्महत्येचे विचार येतात असें आढळल्यावर भारत सरकारनें त्यावर डिसेंबर २००९ मध्यें बंदी घातली. हृदयविकार व पक्षाघात यांच्या भीतीनें सिब्युट्रामिनवर फेब्रुवारी २०११ मध्यें. तोंवर हीं औषधें आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनहि पोहोंचलीं होतीं. तीं घेणारांनीं जुगार खेळला असें म्हणण्याचीहि सोय नाहीं. जुगाऱ्याला निदान आपण पणास काय लावलें तें ठाऊक असतें.

संमतीचा कायदा या काळांत सावकाश पावलें टाकीत होता. शहाणपणाच्या वयाच्या माणसाच्या देहाचें काय करावयाचें हें ठरविण्याचा हक्क त्याचा स्वतःचा, असा निवाडा न्यूयॉर्कचे न्यायाधीश कार्डोझो यांनीं १९१४ सालीं दिला. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांत शस्त्रक्रियेपूर्वीं लेखी संमति घेण्यास सांगितलें आहे. पण ती कोणाची? नियमांतला क्रम असा: पति किंवा पत्नी, अज्ञान असल्यास आईबाप वा पालक, आणि सर्वांच्या शेवटीं रोगी स्वतः. सुश्रुताचा अधिपति पुन्हा भेटला म्हणावयाचा! १६ जानेवारी २००८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें समीरा कोहली यांच्या खटल्यांत ही घडी बदलली. दुर्बिणीनें तपासणी करण्यास रोगी स्त्रीनें संमति दिली होती. ती भुलीखालीं असतां तिच्या आईची संमति घेऊन गर्भाशय व अंडाशय काढण्यांत आले. न्यायालयानें ती संमति ग्राह्य धरली नाहीं. उपचाराचें स्वरूप, त्यांतील धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न केल्यास होणारे परिणाम हें सर्व रोग्यास पुरेसें समजलें पाहिजे, असें न्यायालयानें सांगितलें. नुकसानभरपाई मिळाली ती पंचवीस हजार रुपये. रक्कम लहान, पण तत्त्व मोठें.

हें तत्त्व वजनाच्या उपचारांत किती बिकट होतें तें २०१७ सालीं मुंबईनें पाहिलें. इजिप्तमधून एक अतिस्थूल स्त्री फेब्रुवारींत विमानानें आणण्यांत आली, मार्चमध्यें तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि पुढें वजन किती उतरलें, ती पूर्वीसारखी हिंडूंफिरूं लागेल कीं नाहीं, यांवरून बहीण व डॉक्टर यांच्यांत जाहीर वाद माजला. मेमध्यें तिला अबुधाबीस नेण्यांत आलें व सप्टेंबरांत ती वारली. वादांत कोणाचें खरें होतें तें ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. मात्र एका बाजूस उपचार म्हणजे वजन उतरणें आणि दुसऱ्या बाजूस उपचार म्हणजे माणूस पायांवर उभा राहणें, असे दोन अर्थ असतील, तर एकाच कागदावरील एका सहीनें दोन वेगवेगळ्या गोष्टींस संमति दिलेली असते.

२०२५ च्या मार्चमध्यें टिर्झेपाटाइड व जूनमध्यें वजनासाठींचें सेमाग्लुटाइड भारतांत विक्रीस आलें. हीं औषधें मागच्या औषधांच्या माळेंत ओंवणें अन्यायाचें होईल. त्यांची परीक्षा कसून झालेली आहे. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या, जवळजवळ दोन हजार माणसांवरील प्रयोगांत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइडनें सरासरी पंधरा टक्के वजन उतरलें. मळमळ, वांति, जुलाब, पित्ताशयांतील खडे, क्वचित् स्वादुपिंडाचा दाह, हे धोके छापलेले आहेत. उंदरांत आढळलेल्या थायरॉइडच्या गांठींचाहि उल्लेख आहे. पण त्याच प्रयोगांतील कांहीं जणांवर औषध थांबविल्यावर वर्षभर नजर ठेवली, तेव्हां गेलेल्या वजनापैकीं दोनतृतीयांश परत आल्याचें दिसलें. म्हणजे ‘हें इंजेक्शन घ्याल काय?’ या प्रश्नाच्या पोटांत ‘किती वर्षें घ्याल, आणि तेवढ्या वर्षांचा खर्च झेपेल काय?’ हा प्रश्न दडलेला आहे.

आणखी एक गोष्ट खास आपल्या देहाची. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें स्वतःचींच मोजमापें छापलीं. उंचीच्या मानानें वजनाचा आंकडा दोघांचा अगदीं एक, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के. परदेशी देहांवरून काढलेले आंकडे येथील रोग्यापुढें ठेवतांना हें अंतर सांगणेंहि ओघानेंच आलें.

सेमाग्लुटाइडवरील भारतांतील पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती. मुदत सरली कीं देशी कारखान्यांना तें बनविण्याची वाट मोकळी होते, आणि माल वाढला कीं किंमत उतरते. औषधाच्या डबीतील माहितीपत्रक कोणत्या भाषेंत असावें, हेंहि आपल्या औषधविषयक नियमांत लिहिलेलें आहे. तेथें इंग्रजी असें म्हटलें आहे.