'स्टिरिओ'चं दगडी कूळ

'स्टिरिओ' म्हटलं की आपल्याला दोन स्पीकर आठवतात. या घराण्याच्या मूळपुरुषाचा मात्र आवाजाशी काडीचा संबंध नव्हता. ग्रीक विशेषण 'स्टेरेओस' म्हणजे टणक, भक्कम, न हलणारा. होमरच्या 'ओडिसी'त भिकाऱ्याच्या वेषात 20 वर्षांनी घरी परतलेल्या ओडिसियसचे पाय धुताना म्हातारी दाई युरिक्लिया त्याला जुन्या व्रणावरून ओळखते. तो तिचा गळा धरून गप्प राहायला बजावतो. आपण दगडासारख्या, लोखंडासारख्या घट्ट राहू, अशी ती हमी देते. तिथे दगडाला लावलेलं विशेषण हेच.

या शब्दाला खरा फाटा फोडला भूमितीने. ज्याला लांबी, रुंदी आणि खोली आहे ते 'स्टेरेऑन', अशी युक्लिडच्या 'एलिमेंट्स'मधल्या अकराव्या पुस्तकाची पहिलीच व्याख्या. वस्तू कठीण की मऊ, हा प्रश्नच निकालात निघाला. तीन मिती असल्या की झालं. माझ्या मते पुढची सगळी गंमत याच ओळीतून आली. चार्ल्स व्हीटस्टनने 1838 साली आपलं आरशांचं यंत्र जाहीर केलं. दोन डोळ्यांना किंचित वेगळी दोन चित्रं दाखवली की मेंदू त्यातून खोली उभी करतो. यंत्राचं नाव स्टिरिओस्कोप. दोन कानांनाही तसंच फसवता येतं. अॅलन ब्लुमलाइनने 1931 साली इंग्लंडमध्ये त्यासाठी पेटंटचा अर्ज केला, पण त्याचा शब्द होता 'बायनॉरल'. बाजारात टिकला तो 'स्टिरिओ'. हवेच्या लहरींत भक्कम असं काय असणार? नावात आहे ती युक्लिडची खोली.

टणकपणा सांभाळला तो दुसऱ्या पातीने. छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवून तयार केलेल्या पानाचा साचा घ्यायचा, त्यात वितळलेला शिशाचा मिश्रधातू ओतायचा. अख्खं पान एकसंध पत्र्यावर उतरतं आणि खिळे दुसऱ्या कामाला मोकळे होतात. फिर्मां दिदोने अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये याला 'स्टिरिओटाइप' म्हटलं. पत्रा एकदा ओतला की त्यात फेरफार करणं महाकठीण. माणसांविषयीच्या ठोकळेबाज समजुतींना वॉल्टर लिपमनने 1922 साली 'पब्लिक ओपिनियन'मध्ये हेच नाव दिलं, ते अगदी चपखल.

आणि कोलेस्टेरॉल? 'खोले' म्हणजे पित्त. पित्ताच्या खड्यांतला हा मेणचट पदार्थ, म्हणून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रलने त्याचं नाव ठेवलं 'कोलेस्टेरिन', घट्ट पित्त. तो अल्कोहोलच्या जातीचा निघाला, तेव्हा शेवटी 'ऑल' लागला. त्याचंच शेपूट तोडून 'स्टेरॉल' झालं, आणि त्यावरून 'स्टेरॉइड'. दंड फुगवायला व्यायामशाळेत चोरून टोचून घेतात, तेही याच कुळातलं.