गोळी कुणाच्या देहावर तपासली?

स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. म्हणजे हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. मग गोळीचा इतिहासही आपण खालून वाचला पाहिजे.

१९५६ साली प्वेर्तो रिकोत, रिओ पिएद्रासच्या गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी वसाहतीत 'एनोव्हिड'ची मोठी चाचणी सुरू झाली. तिच्यातले मेस्ट्रॅनॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन मुळात नोरेथिनोड्रेलमधली अशुद्धी. ती काढली तर मधेच रक्तस्राव होई, म्हणून मुद्दाम ठेवली. एका गोळीत ०.१५ मिलिग्रॅम! शरीरात त्याचे एथिनिल इस्ट्राडिओल बनते. आजच्या बहुतेक गोळ्यांत ते ०.०२ ते ०.०३५ मिलिग्रॅमच असते.

तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवले, गर्भ राहत नाही. पण १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या. पिंकस आणि रॉक यांनी तो बायकांच्या मनाचा खेळ ठरवला. आपल्यावर प्रयोग चालला आहे, हे त्या बायकांना सांगितलेच नव्हते. गोळी त्यांना हवी होती, हेही खरे. नसबंदीखेरीज त्यांच्यापुढे दुसरे होते काय? गरजेलाच संमती म्हणायची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

१९६० साली अमेरिकेने गर्भनिरोधक म्हणून मान्यता दिली, ती त्याच १० मिलिग्रॅमच्या गोळीला.