पिंपळनेरचे रोशाचे तेल

अत्तराचा विषय निघाला की कनौजचे नाव येते. पिंपळनेरचे नाव कोणी घेत नाही. साक्री तालुक्यातले, पांझरेकाठचे हे गाव रोशा गवताच्या सुगंधी तेलाचे मूळ ठिकाण होते. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये तशी नोंद आहे.

त्या नोंदीप्रमाणे तेल काढणारे मुसलमान होते. पावसाळा सरताना गवत फुलोऱ्यावर येई. ते भिल्लांकडून विकत घेऊन हे कारागीर ओढ्याकाठी भट्ट्या लावत. तांब्याच्या किंवा लोखंडी भांड्यात चिरलेले गवत व पाणी भरायचे, झाकण कणकेने लिंपायचे. झाकणातली बांबूची नळी वाहत्या पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात सोडायची. वाफ निवली की पाण्यावर तेल तरंगे. १८७९-८० मध्ये खानदेशात अशा १९७ भट्ट्यांतून सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे साडेतीन टनांहून थोडे अधिक तेल निघाले. तोवर पिंपळनेरजवळचे गवत विरळ झाले होते आणि धंदा नंदुरबार-तळोद्याकडे सरकला होता.

मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथे ते ‘इद्रिस यागी’ झाले आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला लागले. युरोपात त्याला ‘तुर्की जिरेनियम’ म्हणत. वास्तविक ते तुर्की नव्हते आणि जिरेनियमचेही नव्हते. १८७१ मध्ये जेकबसन या रसायनशास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या अशाच तेलातून मुख्य घटक वेगळा केला. त्याचे नाव पडले जिरेनिऑल. चुकीचे नाव शास्त्रात कायमचे राहिले.

भट्टीत उरणाऱ्या चोथ्याची कोणी गणती केली नाही. जैतुनाच्या घाण्यांत आज नेमके उलटे घडते. तेलात फिनॉल द्रव्यांचा थोडाच भाग उतरतो, बाकीची पाण्यात व चोथ्यात जातात. त्यातून हायड्रॉक्सीटायरोसोल हे ऑक्सिडीकरण रोखणारे द्रव्य काढून विकले जाते. रोझमेरीच्या अर्काला तर युरोपने २०१० मध्ये खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी मान्यता दिली. वाफेबरोबर उडते तेवढेच तेल, न उडणारे फिनॉल गवतातच राहतात, हा नियम रोशालाही लागू आहे. अर्थात परीक्षानळीतला गुण म्हणजे औषध नव्हे, त्याची परीक्षा माणसांवर व्हावी लागते.

पण उद्या या चोथ्याला मोल आलेच, तर त्याचा वाटा कोणाला? २००२ च्या जैवविविधता कायद्यात लाभवाटपाची तरतूद आहे. मात्र हक्क मागण्यासाठी आधी इतिहास ठाऊक असावा लागतो. गवत कापणारा भिल्ल आणि भट्टी पेटवणारा मुसलमान यांची नावे एकाही कुपीवर आली नाहीत. निदान आपल्या भाषेत तरी ती नोंद राहिली पाहिजे.