अंगणवाडीची मूळ संकल्पना आणि बालशिक्षिकेचे संस्कृतिभान

प्रास्ताविक :
'अंगणवाडी' हा शब्द आज शासकीय योजनेचा भाग म्हणून सर्वपरिचित आहे. तथापि या शब्दामागे एक शैक्षणिक विचार आहे, याचे विस्मरण होत चालले आहे. प्रस्तुत लेखात त्या विचाराचा मागोवा घेऊन, अंजनगाव सुर्जीसारख्या बहुभाषिक परिसरातील बालशिक्षिकेस त्यापासून काय घेता येईल, याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मारिया मॉन्टेसोरी यांनी 1907 मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. भारतात गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगर येथे बालमंदिर स्थापन केले. विवाहानंतर काही काळ अमरावतीत वास्तव्य केलेल्या ताराबाई मोडक (1892-1973) 1923 साली या कार्यात सहभागी झाल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. परंतु गरीब वस्तीत जन्मलेली ही पद्धती महागड्या साधनांमुळे प्रामुख्याने शहरी सुस्थित वर्गापुरती राहिली होती. ही मर्यादा ओळखून ताराबाईंनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. अनुताई वाघ (1910-1992) त्यांच्या सहकारी होत्या.

वंचित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना वा पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. हीच अंगणवाडी होय. विकतच्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, खडे व पाने यांनी घेतली. 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली समाजात स्थिरावले. तेथील मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळाही कुरणात गेली व 'कुरणशाळा' आकारास आली. शाळेने आपली जागा, साधने आणि वेळ मुलांच्या जीवनाशी जुळवून घेतली. मात्र मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे हाही तेथील शिक्षणाचाच भाग होता. म्हणजे संस्कृतीचा आदर करणे याचा अर्थ आहे ते सर्व तसेच राहू देणे, असा त्यांनी घेतला नाही.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांनी सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पोषण व लसीकरण यांच्या दृष्टीने या विस्ताराचे मोल मोठेच आहे. परंतु नाव जितके दूर गेले तितका त्यामागील विचार गेला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

अंजनगाव सुर्जीचा संदर्भ :
30 डिसेंबर 1803 रोजी शिंदे व इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे हे गाव इतिहासात नोंदले गेले. निजामाची सत्ता, 1853 नंतरचे इंग्रज प्रशासन आणि 1956 चे द्विभाषिक मुंबई राज्य अशी स्थित्यंतरे वऱ्हाडाने अनुभवली. परिणामी या परिसरात वऱ्हाडी, उर्दू व हिंदी शेजारी नांदतात. उत्तरेकडील मेळघाटातून मजुरीसाठी मैदानी भागात उतरणाऱ्या कुटुंबांची कोरकू तर मुंडा गटातील, म्हणजे मराठीहून सर्वस्वी भिन्न कुळातील भाषा आहे.

अशा वर्गात एखादे बालक 'डोया' म्हणते आणि शिक्षिका तत्काळ 'डोळा म्हण' असे बजावते. वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होणे ही त्या बोलीची नियमबद्ध प्रकृती आहे, अशुद्धता नव्हे. सुधारणा शब्दाची होते, परंतु बालकास मात्र आपली माय चुकीचे बोलते असे वाटू लागते. ते हळूहळू गप्प होते. कोरकू बालकाला तर चुकण्याचीही संधी मिळत नाही. त्याला प्रश्नच कळलेला नसतो. पुढे या मौनालाच 'मंदबुद्धी' असे नाव दिले जाते. निरनिराळ्या वेशभूषांचे वार्षिक प्रदर्शन भरवून ही हानी भरून निघत नाही.

समारोप :
ताराबाई-अनुताईंच्या कार्यातून बालशिक्षिकेने घ्यावयाचा बोध साधा आहे. घरचा शब्द आधी स्वीकारावा, प्रमाण शब्द त्याच्या जोडीला द्यावा. वस्तीतील आई-आजीस गोष्ट सांगावयास बोलवावे. कापसाचे बोंड, तुरीचे दाणे यांनी मोजणी शिकवावी. अध्यापक विद्यालयांनी स्थानिक बोलींचा परिचय प्रशिक्षणात समाविष्ट करणेही अगत्याचे आहे. अंगण म्हणजे केवळ मोकळी जागा नव्हे. ते मुलाचे स्वतःचे घर असते. तेथे शिक्षिका पाहुणी म्हणून जाते, हे भान हाच बालशिक्षणातील संस्कृतिविचाराचा पाया होय.