नाव नसलेले कपाट आणि लाकडाची साक्ष

भिंतीलगत ठेवायचे एक बुटके, लांबट लाकडी कपाट. इंग्रजीत त्याला साइडबोर्ड म्हणतात. सरकत्या दारांचे, अंगावर नक्षी नसलेले, कारागिराची खूण नसलेले. ते चंदीगडच्या एखाद्या सरकारी कचेरीतले असेल, तर स्वतंत्र भारताच्या इतिहासाचा तो दस्तऐवज आहे. तसे नसेल, तर तो केवळ जुना लाकूडसामान. हा निर्णय कशाच्या आधारे करायचा?

१९५१ साली ल कॉर्ब्युझिए यांनी चंदीगडच्या रचनेचे काम हाती घेतले. मात्र प्रत्यक्ष शहरात राहून, १९६५ पर्यंत, ते काम पुढे नेले ते त्यांच्या नात्यातले बंधू पिएर जानरे यांनी. विधानसभा, उच्च न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालये, सरकारी निवासस्थाने या साऱ्यांसाठी हजारो खुर्च्या, मेजे आणि कपाटे हवी होती. जानरे आणि यूली चौधरी यांच्यासारख्या त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी त्यांचे आराखडे केले. सागवान, शीशम आणि वेत वापरून ती घडवली स्थानिक सुतारांनी. एकच आराखडा अनेक कारखान्यांत गेला, त्यामुळे मापांत आणि सांध्यांत फरक पडत गेले. कारागिराचे नाव कुठेच लिहिले गेले नाही. कचेऱ्यांनी रंगाने अक्षरे व क्रमांक टाकले, पण ते सामानाच्या नोंदवहीसाठी.

पुढे ही मोडकी खुर्ची-मेजे आवारांत रचून ठेवली गेली आणि भंगार म्हणून लिलावात निघाली. परदेशी व्यापाऱ्यांनी ती विकत घेतली, दुरुस्त केली आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत ती लक्षावधी रुपयांना विकली जाऊ लागली. १९७२ च्या पुरावशेष कायद्याचे संरक्षण सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना मिळते. पन्नास वर्षांची खुर्ची त्यात बसत नव्हती. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वस्तूंची विक्री, लिलाव आणि निर्यात रोखण्याचे आदेश दिले. चंदीगडमध्ये झालेल्या मोजणीत १२,७९३ वस्तूंची वारसा म्हणून नोंद झाली. तोवर बरेच काही शहराबाहेर गेले होते, आणि किंमत वाढताच नकलाही बाजारात आल्या होत्या.

अशा वेळी पहिली साक्ष लाकडाची. कपाटाच्या फळीचे टोक धारदार पात्याने तासून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले, की सागवान ओळखू येते: प्रत्येक वाढीच्या हंगामाच्या आरंभी तयार झालेली मोठी रंध्रे वलयाच्या कडेने ओळीत दिसतात. शीशमात ती अधिक विखुरलेली असतात आणि सालीला समांतर कापलेल्या पृष्ठावर बारीक आडव्या लहरी उमटतात. येथे नावाचाही घोटाळा होतो. उत्तर भारतातील शीशम आणि महाराष्ट्रातील शिसव या एकाच कुळातल्या, पण वेगळ्या जाती आहेत. त्यांची लाकडे इतकी सारखी, की केवळ भिंगावर विसंबून चालत नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील लाकडांच्या संग्रहासारख्या ठिकाणी प्रमाणित नमुन्याशी तुलना करावी लागते.

दुसरी साक्ष बांधणीची. अधिक चिन्हाच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातला. तो मूळचा असेल, तर कपाट त्याआधीचे असू शकत नाही. मेट्रिक मापे भारतात १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने आली. परंतु सुतार आजही इंच आणि सुतात मोजतात, म्हणून इंचात बसणारी फळी जुनेपणा सिद्ध करत नाही.

तिसरी साक्ष अणुस्फोटांची आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून वातावरणातील अणुचाचण्यांमुळे किरणोत्सारी कार्बन-१४ वाढत गेला. १९६३-६४ च्या सुमारास उत्तर गोलार्धात तो जवळपास दुप्पट झाला आणि नंतर हळूहळू उतरला. झाडाच्या प्रत्येक वलयात त्या वर्षीच्या हवेचा कार्बन साठतो. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रासारख्या प्रयोगशाळेत काही मिलिग्रॅम लाकडावर हे मापन होते. एकच पातळी चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही बाजूंना सापडते. म्हणून आतले आणि बाहेरचे अशी दोन वलये मोजावी लागतात. १९५५ चे म्हणून विकल्या जाणाऱ्या कपाटाच्या फळीत १९८० च्या दशकातील हवा निघाली, तर निदान ती फळी तरी मूळची नाही.

उलट निष्कर्ष मात्र काढता येत नाही. मापनातून कळते ते वलय वाढल्याचे वर्ष. कपाट घडल्याचे नव्हे. जुन्या वाड्याच्या तुळईतून नवे कपाट करता येते आणि ते भिंग, स्क्रू व कार्बन या तिन्ही कसोट्यांना उतरू शकते. दुरुस्त केलेल्या अस्सल कपाटातही निम्म्या फळ्या नव्या असू शकतात. प्रयोगशाळा खोटा दावा पाडू शकते. खरा दावा एकट्याने उभा करू शकत नाही.

त्यासाठी लागतो कागद: मूळ आराखडा, खरेदीची पावती, कचेरीची नोंदवही, जुने छायाचित्र. फळीवर रंगवलेला क्रमांक नोंदवहीतल्या ओळीशी जुळला, तरच लाकडाची साक्ष पूर्ण होते. चंदीगडच्या भंगार लिलावांत खुर्च्यांबरोबर हा दुवाही तुटला. लाकूड आणखी शंभर वर्षांनीही तपासता येईल. फेकून दिलेली नोंदवही कोणतेही त्वरक यंत्र परत देणार नाही. देशभरातील महाविद्यालये, न्यायालये आणि रेल्वे कचेऱ्यांत अशी बिननावाची कपाटे आजही वापरात आहेत. त्यांच्यावरचे क्रमांक पुसले जाण्याआधी छायाचित्रासह नोंदवून ठेवणे, हे त्यांच्या संशोधनाचे पहिले पाऊल ठरेल.